नवीन रायफल ब्रासची तयारी: कुठवर करायची?

हिंगणा_टूलरूम
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कोलोरॅडोत असतो. तिकडे एफ-क्लास खेळतो, म्हणजे पालथं झोपून, रायफल बायपॉडवर टेकवून लांबच्या टार्गेटवर नेम. कॅलिबर .३०८ विंचेस्टर. काडतुसं स्वतः घरी भरतो, तिकडे ते चालतं. आता त्यानं १०० कोऱ्या पुंगळ्यांचा (काडतुसाची रिकामी पितळी नळी, तिलाच ब्रास म्हणतात) डबा घेतलाय आणि तयारीची यादी मला पाठवलीय: साइझिंग (डायमध्ये दाबून आकारात आणणं), ट्रिमिंग (लांबी कापणं), चॅम्फर (तोंडाची कड तासणं), फ्लॅश होल (बुडातलं ज्योत आत जायचं भोक) साफ करणं, प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) बसतो ते पॉकेट एकसारखं करणं, नेक टर्निंग (गळा बाहेरून कातून पातळ करणं), अॅनीलिंग (तापवून नरम करणं), वजनानुसार गट पाडणं. "दादा, मापाचं काम तुझं, सांग कशी करू."

मी एमआयडीसीत डाय बनवतो, बंदुकीतलं काही कळत नाही. माझं डोकं सरळ चालतं: १०० नग आहेत ना, मग लांबी, जाडी, भोक, खोली सगळं कटरखाली घाला आणि शंभरही एका मापात आणा. त्याला तसंच सांगणार होतो, पण आधी इथे विचारतो. जाणकारांनी बोलावं.

सिव्हिल_लाइन्स_वकील
तांत्रिक चर्चा रंगायच्या आधी माझं रटाळ काम उरकून घेतो. भाऊ अमेरिकेत आहे म्हणून ठीक. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९, कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे, हे दोन वेगळे कागद. आणि कलम २ मधली "दारूगोळा" ची व्याख्या वाचा, त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे "नुसती रिकामी पितळी पुंगळी आहे हो साहेब" हे बोलून सुटता येईलच असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. त्यातून आपण त्या शहरात राहतो जिथे पेसोचं, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचं, देशाचं मुख्यालय आहे. तेव्हा वाचा, शिका, घरी करायला जाऊ नका.

व्यवस्थापक
वकील साहेबांना दुजोरा. या धाग्यावर पावडरचं वजन, पावडरचं नाव आणि "नागपुरात डाय कुठे मिळेल" हे तीन विषय बंद. तसे प्रतिसाद उडवले जातील. पितळेवर हवं तेवढं बोला.

डेन्व्हरचा_धंतोलीकर
तुमच्या भावाच्याच राज्यात राहतो, हाच नाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टूलरूमचं मन कळतं. पण नवी पुंगळी हा तयार झालेला नग नाही. कुठल्याही कंपनीच्या चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतूस बसायच्या जागेत, बसावी म्हणून ती मुद्दाम थोडी लहान ठेवलेली असते. पहिल्या बारात .३०८ मध्ये ६२,००० पीएसआयपर्यंतचा (चौरस इंचाला पौंड) दाब येतो, पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, थोडं आखडतं आणि त्या चेंबरचा आकार घेऊन बाहेर येतं. शोल्डर, म्हणजे गळ्याखालचा उतार, पुढे सरकतो, अंग भरतं, लांबी बदलते. त्याआधी सगळं काटेकोर कापून ठेवणं म्हणजे कोरं सुती कापड पाण्यातून न काढता शिवायला टाकणं.

म्हणून माझं मत: पहिल्या बाराआधी मापं भरपूर घ्या, धातू कमीत कमी काढा. कोऱ्या ब्रासमध्ये खरी गरज असते ती नेकला, म्हणजे जिथे बुलेट बसते त्या गळ्याला. डब्यात एकमेकांवर आपटून तोंडं चेपलेली असतात, काही लंबगोल झालेली असतात. त्यासाठी अख्खी पुंगळी साइझिंग डायमधून काढायची गरज नाही, ती आधीच लहान आहे. एक्स्पांडर मँड्रेल, म्हणजे गळा फुगवणारा दांडा, आतून घालायचा. बुलेट ०.३०८ इंच, म्हणून मँड्रेल ०.३०६ किंवा ०.३०६५. पितळ थोडं परत येतं आणि बुलेटवर साधारण दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पकड मिळते. मँड्रेलचा दुसरा फायदा असा की गळ्याच्या जाडीत जो फरक असेल तो आतून बाहेर ढकलला जातो. निदान बुलेट ज्या भोकात बसते ते तरी गोल राहतं.

त्यानंतर तोंडाला आतून हलका चॅम्फर, बाहेरून बर, म्हणजे उभी राहिलेली कड, काढणं. हलका म्हणजे हलका, धार सुरीसारखी करायची नाही. इतकं झालं की मँड्रेलची खूण आतून एकसारखी दिसते का ते भिंगातून पाहा.

एक गोष्ट यादीत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोऱ्या पितळेचा गळा आतून अगदी उघडा असतो. वापरलेल्या पुंगळीत काजळीचा पातळ थर असतो, तो वंगणाचं काम करतो. कोऱ्या गळ्यात बुलेट कधी सरकते, कधी अडकत अडकत जाते, आणि बसवताना हाताला लागणारा जोर प्रत्येक नगाला वेगळा. गळा ग्रॅफाइटच्या कोरड्या भुकटीत बुडवून झटकला की हा फरक बराच मिटतो.

वायफाय_निशाणेबाज
सर, आदर ठेवून सांगतो, मी जेवढे व्हिडिओ पाहिले त्यात मोठे मोठे शूटर कोऱ्या ब्रासवर आधी सगळं करतात. ०.१ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) फरकाने वजनाचे गट, नेक टर्निंग, सगळं. ते काय वेडे आहेत का?

डेन्व्हरचा_धंतोलीकर
वेडे नाहीत, पण त्यांच्यातले बरेच बेंचरेस्टचे, म्हणजे मेजावर रायफल टेकवून खेळणारे. तिथे ६ पीपीसी हे काडतूस चालतं. १९७५ मध्ये पाल्मिसानो आणि पिंडेल या जोडीने .२२० रशियन पुंगळीवरून ते बनवलं. त्या रायफलींचे चेंबर गळ्याला मुद्दाम तंग कापतात. गळा घासून पातळ केल्याशिवाय काडतूस आतच जात नाही. तिथे नेक टर्निंग ही सक्तीच आहे. एफ-क्लासमधल्या साध्या .३०८ चेंबरला ती नाही.

वजनाचं गणित टूलरूमवाल्यांनी करावं, मी आकडे देतो. पितळेची घनता साधारण ८.५. म्हणजे दोन पुंगळ्यांच्या वजनात १ ग्रेन फरक असेल आणि तो सगळा आतल्या भिंतीत असेल असं धरलं, तरी आतल्या जागेत फरक पडतो फक्त ०.१२ ग्रेन पाण्याइतका. .३०८ मध्ये एकूण पाणी मावतं सुमारे ५६ ग्रेन. आता ०.१ ग्रेनचे गट पाडून काय हाती लागतं ते काढा.

हिंगणा_टूलरूम
काढलं. १ ग्रेनला पाव टक्काही होत नाही, ०.२१ येतंय. ०.१ ग्रेन म्हणजे काही नाहीच. आणि तो फरक आतच आहे हे कशावरून? मागच्या खाचेत, जिथे पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर पकडतो तिथे टूल थोडं खोल गेलं तरी वजन कमी होणार, आतल्या जागेला धक्का न लागता.

डेन्व्हरचा_धंतोलीकर
बरोब्बर तेच. म्हणून मी वजन करतो ते फक्त वेगळा नग हुडकायला. शंभरात एखादी ४-५ ग्रेनने बाजूला पडली तर ती झिरोइंगच्या, म्हणजे नेम जुळवायच्या, डब्यात. बाकी सगळ्या एका पंगतीत. ज्याला आतली जागाच मोजायची असेल त्याने पहिल्या बारानंतर, जुना प्रायमर जागीच ठेवून, पाणी भरून मोजावी. तेव्हा त्या आकड्याला अर्थ असतो.

निवृत्त_ऑर्डनन्स
दारूगोळ्याच्या धातुकामात आयुष्य गेलं, थोडी भर घालतो.

ही पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. याला कार्ट्रिज ब्रासच म्हणतात. चकती कापायची, तिची वाटी करायची, मग वाटी पंच आणि डायमधून खेचत खेचत लांब नळी. प्रत्येक खेचणीत पितळ कडक होते, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत घालून नरम करावी लागते, नाहीतर फाटते. शेवटी बूड ठोकून घडवतात, प्रायमरची जागा दाबतात, अंगाला निमुळता आकार देतात, गळा आवळतात. आणि अगदी शेवटी फक्त गळा आणि शोल्डर तापवून नरम करतात.

म्हणजे एकाच पुंगळीत बूड कडक आणि तोंड नरम. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. बुडाला दाब सहन करायचा, तोंडाला बुलेट धरायची आणि चेंबर बंद करायचं. काही पुंगळ्यांच्या गळ्यावर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो या शेवटच्या तापवणीचा. लष्करी मालावर तो तसाच ठेवतात, तापवणी झाली याची ती खूणच. पुष्कळ नागरी कंपन्या पॉलिश करून घालवतात कारण गिऱ्हाइकाला चकचकीत माल हवा असतो. तात्पर्य, यादीतलं अॅनीलिंग कोऱ्या ब्रासला लागत नाही, कारखान्यात ते झालेलं असतं.

ही तापवणी कशी रूढ झाली त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. ब्रिटिश काळात फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवलेली असत. पाऊस संपला की कित्येक पुंगळ्यांच्या गळ्याला उभ्या चिरा. नाव पडलं सीझन क्रॅकिंग. कारण बरंच उशिरा, १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि खेचकामाने पितळेत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ चिरते. हवा आणि घोडे बदलता येत नव्हते, तिसरा घटक बदलला. पुंगळी तापवून आतला ताण काढून टाकला.

भंडाऱ्याचा_तांबट
काका, हे वाचून मजा आली राजेहो. आमच्या घरी पितळीचंच काम. गुंड ठोकता ठोकता पत्रा कडक होते, हातोडी उसळाले लागते. मग भट्टीत घालून लाल करतो आन् पाण्यात टाकतो. लोखंडासारखी पितळ पाण्यानं कडक होत नाही, नरमच राह्यते, फक्त हात लावाले लवकर मिळते. मंग ह्या पुंगळ्या पण जुन्या झाल्या का लाल करून टाकाव्या ना अख्ख्या? कायले एवढी भानगड?

निवृत्त_ऑर्डनन्स
अहो नको, गुंड आणि पुंगळी इथेच वेगळी होतात! गुंडाला आतून दाब नाही. पुंगळीचं बूड एकदा नरम झालं की पुढच्या बाराला ते पसरतं, प्रायमर गळून पडतो, आणि वाईट प्रकारात बुडातून जळता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. म्हणून नरम करायचा तो फक्त गळा आणि शोल्डर, तेही काही सेकंदांत, बूड थंडच राहिलं पाहिजे. अख्खी लाल झालेली पुंगळी भंगारात. पुन्हा कडक करायची तर परत खेचावी आणि ठोकावी लागेल, तापवून ती कडक होत नाही.

भंडाऱ्याचा_तांबट
समजलं. म्हणजे तोंडाले कल्हईवाल्याची आच, बुडाले नाही. आन् चमकवाले काय वापरून राहिले तिकडे लोकं? आमच्याकडे चिंच.

डेन्व्हरचा_धंतोलीकर
चिंचेचा भाऊबंद सायट्रिक अॅसिड इथे खूप चालतं, अगदी सौम्य आणि थोडा वेळ. पितळ गुलाबी दिसायला लागली तर जस्त निघून गेलं समजायचं. आणि काकांनी सांगितलेलं लक्षात घेता अमोनिया असलेलं भांड्यांचं पॉलिश पुंगळीला कधीही लावायचं नाही. कोऱ्या ब्रासला तर काहीच नको, उलट जास्त चकचकीत केली की गळा आणखी कोरडा होतो.

हिंगणा_टूलरूम
भावाने मापं पाठवली. लांबी शंभरच्या शंभर २.००५ ते २.००८ इंचांत. गळ्याची जाडी बॉल मायक्रोमीटरने घेतली, एकाच गळ्यात ०.०१४५ ते ०.०१५५. एक थाऊचा फरक. आता खरं सांगा, हा फरक पाहून हात शिवशिवणार नाहीत का? लेथवर पाच मिनिटांचं काम.

डेन्व्हरचा_धंतोलीकर
लांबीला हात लावू नका. कमाल २.०१५ आहे, ट्रिम करायचं माप २.००५. सगळ्या मर्यादेच्या आत आहेत आणि आपसात तीन थाऊंत. ट्रिम पहिल्या बारानंतर.

गळ्याचं असं. भरलेल्या काडतुसाचा गळा किती? ०.३०८ अधिक दोन्ही बाजूंना ०.०१५, म्हणजे ०.३३८. साध्या .३०८ चेंबरचा गळा सुमारे ०.३४४. म्हणजे आधीच सहा थाऊ मोकळीक आहे. तुम्ही घासून जाडी ०.०१३ वर आणली की ती होते दहा थाऊ. प्रत्येक बाराला गळा दहा थाऊ फुगणार, डायमध्ये परत दहा थाऊ दबणार. तांबट भाऊंनी सांगितलं तसं ठोकून ठोकून कडक होणार, आणि गळा लवकर चिरणार. एक थाऊचा फरक घालवायला पुंगळीचं आयुष्य घालवायचं का?

ज्याला करायचंच आहे त्याने फक्त उंचवटा कातरावा, गळ्याच्या निम्म्या-पाऊण घेरावरच टूल लागेल इतकं. पण कटर शोल्डरच्या सांध्यापाशी कुठे थांबवायचा ही कला आहे. अलीकडे थांबला तर तिथे आतून जाड कडं तयार होतं, बुलेट त्यावर अडते. मी टर्निंग करत नाही. एक थाऊपेक्षा जास्त फरकाच्या वेगळ्या काढतो आणि सरावाला वापरतो.

वायफाय_निशाणेबाज
फ्लॅश होल आणि प्रायमर पॉकेटबद्दल कोणीच बोललं नाही. तेही करू नये का?

डेन्व्हरचा_धंतोलीकर
ब्रास कशी बनवली त्यावर आहे. फ्लॅश होल पंचाने पाडलं असेल तर आतल्या बाजूला पितळेची कुसळं उभी राहतात, ती एकदाच, पुंगळीच्या आयुष्यात एकदाच, कातरून घ्यावीत. प्रायमरची ज्योत त्यांच्यावर आपटून वाकडी जाते हा त्यामागचा तर्क. ड्रिलने पाडलेल्या भोकाला ती नसतात, तिथे टूल घालून उगाच भोक मोठं होतं. टॉर्च लावून तोंडातून आत पाहा, दिसतं.

.३०८ मध्येच लापुआ कंपनीची पाल्मा म्हणून एक पुंगळी मिळते, तिला स्मॉल रायफल प्रायमर लागतो आणि फ्लॅश होल फक्त १.५ मिमी. साध्या पुंगळीत ते २ मिमी. पाल्मामध्ये जुना प्रायमर ढकलून काढणारी नेहमीची डिकॅपिंग पिन घातली की ती अडकून बसते किंवा मोडते. भावाला डब्यावरचं लेबल वाचायला सांगा.

पॉकेट मी कापत नाही. प्रायमर बसल्यावर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ खाली आहे का एवढं बोटाने आणि डेप्थ गेजने पाहतो. वर राहिलेला प्रायमर मात्र कधीच चालत नाही.

बावीस_बोअर
मी ५० मीटर प्रोनवाला, म्हणजे पालथं झोपून नेम धरणारा. चर्चा भारी आहे, पण आमच्यासारख्यांच्या कामाची किती? .२२ रिमफायरमध्ये प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीतच भरलेलं असतं. पिन लागली की कड चेपते, ती पुंगळी संपली. भरायचा प्रश्नच नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनची विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, हा सगळा खेळ कारखान्यातून आलेल्या काडतुसावर आहे.

आमचं सगळं लॉटवर. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यांत लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, बदलतो. युरोपातल्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली बॅरल शिकंज्यात आवळून एकेका लॉटचे ग्रुप पाडून पाहतात आणि जमलेला लॉट एकदम उचलतात. तुम्ही पितळ घासून जे मिळवता ते आम्ही निवडून मिळवतो. तुमच्यापेक्षा स्वस्त नाही, एवढं नक्की.

डेन्व्हरचा_धंतोलीकर
लॉटचा नियम सेंटरफायर (बुडाच्या मध्यात प्रायमर असलेल्या) ब्रासलाही लागू आहे. दोन लॉट एका डब्यात मिसळायचे नाहीत. त्या १०० एकत्र ठेवायच्या, एकत्र डागायच्या, एकत्र अॅनील करायच्या. निम्म्या तीनदा आणि निम्म्या पाचदा चाललेल्या असल्या की सगळी मापं सारखी येऊनही वेग वेगळे येतात, कारण कडकपणा मायक्रोमीटरवर दिसत नाही.

हिंगणा_टूलरूम
हे पटलं. डायमध्येही तेच होतं, माप बरोबर आणि हार्डनेस चुकलेला, मग नग जुळत नाहीत. भावाला कळवलं: मँड्रेल, हलका चॅम्फर, आतून कुसळं पाहणं, ग्रॅफाइट, पुढे काही नाही. तो थोडा नाराज आहे, नेक टर्निंगचं टूल त्यानं आधीच घेऊन ठेवलंय. पहिल्या बारानंतर काय मोजायचं?

डेन्व्हरचा_धंतोलीकर
बुडापासून शोल्डरपर्यंतचं अंतर, कॅलिपरला कम्पॅरेटर (शोल्डरवर टेकणारा जोड) लावून. कोऱ्या पाच पुंगळ्यांचं आत्ताच मोजून लिहून ठेवायला सांगा, नंतर ते माप परत मिळणार नाही. डागलेल्यांचं मोजलं की चेंबर किती लांब आहे ते कळतं. पुढे साइझिंग डाय असा लावायचा की शोल्डर डागलेल्या मापापेक्षा फक्त दोन थाऊ मागे जाईल. जास्त मागे ढकललं की दर बाराला पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर आतून घळ पडते. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवलं की घळ हाताला लागते. ती लागली की पुंगळी बाद, पुढच्या बाराला तिथून दोन तुकडे होतात.

आणि पहिल्या बाराच्या वेगांवरून लोड, म्हणजे किती भरायचं ते, ठरवू नका म्हणावं. कोरी पुंगळी फुगण्यात थोडी ऊर्जा खाते, डागलेल्या ब्रासचा आकडा वेगळा येतो. पहिल्या शंभर गोळ्या सरावाला, वारा वाचायला वापरा.

हिंगणा_टूलरूम
धन्यवाद सगळ्यांना. जाता जाता वकील साहेबांना एक प्रश्न. भाऊ दिवाळीत येतोय. म्हणतो, डागलेल्या दोन-तीन पुंगळ्या बॅगेत घालून आणतो, तू तुझ्या मायक्रोमीटरने मोजून पाहा. रिकाम्याच असतील, प्रायमरही काढलेला.

सिव्हिल_लाइन्स_वकील
नको. विमानतळावर बॅगेत काडतूस सापडल्याच्या केसेस पुष्कळ होतात, आणि त्यातले कित्येक जण सुटतात ते "बॅगेत आहे हे मला माहीतच नव्हतं" या बचावावर. जाणीवपूर्वक ताबा असावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलालच्या प्रकरणात हे मांडलंय. तुमच्या भावाने तर काय आणतोय, कशासाठी आणतोय, ते तुम्हाला लिहून कळवलंय आणि तुम्ही ते इथे छापलंय. मापं फोनवर घ्या.

हिंगणा_टूलरूम
🙏 कळवतो त्याला. मग येताना नेक टर्निंगचं टूल तरी आणू दे का, नुसतं बघायला?

सिव्हिल_लाइन्स_वकील
पहिल्या प्रतिसादातली व्याख्या पुन्हा वाचा. सुटे भाग, *आणि यंत्रं*.